वाचक विचारतात : मॅट नको, कोचचं मानधन मागा

प्रश्न : आम्ही भोसरीत शाळेच्या ग्राउंडवर खो-खोचा क्लब चालवतो, चाळीसेक पोरं-पोरी येतात, फी जवळपास नाहीच. एमआयडीसीतल्या एका कंपनीचे साहेब सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामासाठी खर्च करायचा पैसा) मदत करतो म्हणतात पण त्यांना एक दिवसाची मोठी स्पर्धा आणि लोगोवाले टीशर्ट पाहिजेत, आमच्या मंडळींना मॅट पाहिजे. नक्की काय मागावं?

उत्तर : आधी साहेबांना विचारा, पैसा सीएसआरचा का मार्केटिंगचा? कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ ज्यांना लागू होतं, म्हणजे नेट वर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, यातलं एक जरी असलं तरी, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. हा पैसा कोणत्या कामांवर चालतो त्याची कायद्यात यादी आहे, तिच्यात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यता असलेल्या, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं ट्रेनिंग बसतं. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेली स्पॉन्सरशिप बसत नाही, आणि मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे इव्हेंट पण नाही. तेव्हा स्पर्धा करायचीच असेल तर त्यांच्या जाहिरातीच्या बजेटमधून करू दे, आपल्याला काय.

आता मॅट. राग मानू नका, पण मॅट दिसायला भारी असते, फोटो मस्त येतो, आणि पहिल्या पावसात ती गुंडाळून ठेवायची कुठे हा प्रश्न येतो मग शाळेच्या अडगळीच्या खोलीत उंदीर कुरतडतात. पोरं मुरमावर गुडघे फोडून घेतात हे खरंय, बूट आणि नीकॅप घ्याच. पण क्लब बंद पडतो तो मॅट नाही म्हणून नाही, कोचला दुसरीकडे नोकरी लागते म्हणून पडतो. आणि पोरी आठवी-नववीत गळतात कारण सात वाजता अंधारात घरी कोण सोडणार, ग्राउंडवर टॉयलेट नाही, हे साहेबांना कुणी सांगतच नाही. म्हणून कोचचं मानधन (जमलं तर एक बाई कोच), लाइट, पोरींना सोडायला गाडी, स्पर्धेला जायचा खर्च असं मागा.

पगार सीएसआरमध्ये बसत नाही असं ऐकवतील. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या ऑफिसखर्चावर, प्रोजेक्टवरच्या कोचचं मानधन हा प्रोजेक्टचाच खर्च. आणि एका वर्षाचं मागू नका हो. ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतं, कायद्यातच सोय आहे.

कागदांचं मात्र बघा. संस्थेला सीएसआर-१ नंबर (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) लागतो, त्याच्यासाठी साधारणपणे १२ए, ८०जी या इन्कम टॅक्सच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तुमचं नुसतंच मंडळ असेल तर एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला मध्ये घ्या, पण हिशोब कोण ठेवणार ते आधी लिहून घ्या, नंतर भांडणं होतात. अर्ज दिवाळीच्या आसपास टाका. फेब्रुवारीत गेलात तर मार्चएंडच्या घाईत तुम्हाला मॅटच मिळेल!

प्रश्न : बाणेरला आमच्या सोसायटीत मुलांसाठी टर्फ करायचंय, सीएसआर मिळेल का?

उत्तर : नाही. सीएसआरमधून बांधलेली मालमत्ता सीएसआर नंबर असलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या किंवा तशा संस्थेच्या, लाभार्थींच्या बचत गटाच्या नाहीतर सरकारी यंत्रणेच्या नावावर लागते, आणि तुमच्या गेटवर वॉचमन बाहेरच्या पोरांना आत सोडणार नाही हे तुम्हालाही माहितीय. मेंटेनन्समधून करा. खरंच मैदान पाहिजे असेल तर बालेवाडीचं क्रीडा संकुल तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे, आधी तिथल्या बॅचेसची चौकशी करून या.