पहिलं घड्याळ आहे, आता दुसरं घ्यावंसं वाटतंय. घड्याळं जमवायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की हातात साधं डिजिटल कॅसिओ आहे, पुढचं ऑटोमॅटिक (सेलशिवाय, हाताच्या हालचालीने भरणारं) घ्यायचा विचार आहे आणि दोन घड्याळांना संग्रह म्हणावं का, असा प्रश्न पडलाय. खुशाल म्हणा. माझी गाडीही याच स्टेशनातून सुटली होती.

माझं पहिलं घड्याळ कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. शाळेत असताना बहिणीने दिलं. १९८९ साली आलेलं हे मॉडेल अजून तसंच मिळतं. वजन २१ ग्रॅम, सेल साधारण सात वर्षं चालतो. त्याचा दिवा म्हणजे निव्वळ विनोद आहे: बटण दाबलं की डाव्या कोपऱ्यात हिरवट उजेड पडतो आणि उजवीकडचे सेकंद अंधारातच राहतात. पांघरुणात शिरून मी तो उजेड इतक्या वेळा पाहिलाय की सात वर्षांचा हिशेब माझ्या बाबतीत चुकलाच असणार.

पण छंद म्हणावा असं काही तेव्हा नव्हतं. ते लागलं पहिल्या ऑटोमॅटिकपासून, आणि तेही जरा वैतागातून. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की घड्याळ पुढे जातंय. कॅसिओशी ताडून पाहिलं तर दिवसाला १८ सेकंद. एवढे पैसे मोजून आणलेलं यंत्र प्लॅस्टिकच्या घड्याळापुढे हरतंय, हे पचेना. मग एका वहीत रोज सकाळी फरक लिहायला लागलो. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर काय, चावीची बाजू वर ठेवली तर काय, हेही लिहीत गेलो.

तेव्हा कळलं की घड्याळ कसं ठेवलंय यावर त्याची चाल बदलते. आत एक तोलचक्र असतं, केसाइतक्या बारीक स्प्रिंगवर ते मागेपुढे झुलतं. माझ्या घड्याळात तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. आडवं ठेवलं की चक्राचा आस टोकावर उभा राहतो, घर्षण कमी; उभं ठेवलं की आस कडेवर टेकतो आणि झोका आखूड होतो. माझं घड्याळ चावी वर करून ठेवलं की रात्रीत सहा-सात सेकंद मागे पडायचं. दिवसभर कमावलेले सेकंद असे रात्री थोडे परत द्यायचे. ही युक्ती सापडली त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा पोहोचलो, घड्याळ मात्र बऱ्यापैकी बरोबर होतं.

वहीचा खरा उपयोग पुढे झाला. १८, १७, १९ असे आकडे चालले होते आणि एके दिवशी अचानक चार मिनिटं! वही नसती तर घड्याळ बिघडलं म्हणून कपाटात टाकलं असतं. आकडा एकदम उडाला म्हणजे झीज नव्हे, काहीतरी घडलंय, एवढं उघड होतं. आदल्या रात्री ते स्पीकरवर ठेवलं होतं. चुंबकत्व लागलं की त्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. घड्याळजीने एका छोट्या उपकरणावर धरून ते क्षणात काढलं आणि माझ्याकडे बघून हसला.

दुसरी चूक सरळसरळ माझी. रात्री अकरा वाजता चावी अर्धी ओढून तारीख बदलायला गेलो. साधारण नऊ ते पहाटे तीन-चार या वेळात तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात. तेव्हा जबरदस्ती केली की दाता मोडू शकतो. माझी तारीख दोन आकड्यांच्या मध्येच अडकली. तेव्हापासून आधी काटे सहावर आणतो, मग तारखेला हात लावतो.

जुन्या घड्याळांचा मोह तुम्हालाही होईल. एक वर्ष तरी आवरा. मी फोटोवर भाळून एक घेतलं. पन्नास-साठ वर्षांचं घड्याळ आणि तबकडी आरशासारखी चकचकीत, तिथेच शंका यायला हवी होती. भिंगाखाली धरल्यावर अक्षरं जाड आणि फुगीर दिसली, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नव्हत्या. तबकडी नव्याने रंगवलेली होती. आणखी एक: १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियम लावत. चमक कधीच विझते, किरणोत्सर्ग विझत नाही. असं घड्याळ घरी उघडायच्या फंदात पडू नका.

आणि कोणी सेलच्या घड्याळाला नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ (सेल आणि स्फटिकावर चालणारं) मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दशकात स्विस कारखान्यांचं कंबरडं मोडलं. आजच्या बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मला तर हे तोलचक्राइतकंच देखणं वाटतं. फक्त संपलेला सेल आत ठेवून देऊ नका, तो गळला की सगळं गंजतं.

आता दुसरं कोणतं? सेइको ५ मालिका पाहा. १९६३ पासूनचं नाव आहे. ऑटोमॅटिक, एकाच खिडकीत वार-तारीख वगैरे पाच गुणांवरून ते पडलं. जुन्या सेइको ५ मध्ये ७एस२६ यंत्र असेल तर चावी फिरवून ते भरत नाही, हलवून किंवा हातात घालूनच चालू करावं लागतं. आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. माहीत नसलं की माणूस घाबरतो, म्हणून सांगितलं. तबकडीचा व्यास सगळे विचारतात, पण पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाबाहेर गेली तर घड्याळ कितीही सुंदर असो, ताटली बांधल्यासारखं दिसतं. घड्याळावर पाणी न शिरण्याबद्दल '३० मीटर' लिहिलेलं वाचून पोहायला उतरू नका, ते हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं असतं. आणि तिसऱ्या घड्याळाची हुक्की आली की आधी पट्टा बदलून पाहा. माझी निम्मी खरेदी त्यावर टळली आहे.

तुमचं कॅसिओ मात्र कुणाला देऊन टाकू नका. माझ्याकडे आता अकरा घड्याळं आहेत. रविवारी सकाळी त्यांना चावी द्यायला बसतो तेव्हा मध्ये ते एफ-९१डब्ल्यू ठेवलेलं असतं. दर तासाला ते टुक-टुक वाजतं आणि त्या ठोक्यावर बाकीच्यांचे काटे लावतो.