आधी बिदागी, मग कौतुक

प्रिय पोरी,

तुझा एवढा लांबलचक मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. जालना रोडवरच्या पबमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलीस, गिटारवाला येणार म्हणून बसलीस, आणि किचनच्या दारातून कमरेला संबळ बांधलेला पोरगा बाहेर आला. तुला आधी तो वेटरच वाटला. मागून तुणतुणं घेऊन एक म्हातारा. मग तासभर तुमच्या टेबलावरचं जेवण गार झालं.

आता तुझं डोकं फिरलंय. देवीचं गाणं, म्हणजे गोंधळ, दारूच्या टेबलांमध्ये ऐकून टाळ्या वाजवल्या, हे चुकलं का? व्हिडिओ टाकू का? त्याला पुण्याला न्यावं का? सगळं लिहिलंस. त्या दोघांना त्या रात्रीचं काय मिळालं, तेवढं मात्र कुठं दिसलं नाही.

पहिला प्रश्न तुझा नाहीच. गोंधळ कुठं घालायचा हे गोंधळी ठरवील. त्याच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तो कदमराई की रेणुराई, तुळजापूरच्या भवानीचा की माहूरच्या रेणुकेचा, तेही त्यालाच विचार. पैठणच्या नाथांनी गोंधळ आणि जोगवा भारुडात घेतले, तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल. आणि तू गेलीस आषाढात. चातुर्मासात लग्नं नाहीत, लग्नं नाहीत तर गोंधळ नाही. मधे नवरात्र सोडलं तर तुळशीच्या लग्नापर्यंत हा माणूस रिकामा. घरी चूल मात्र रोज पेटते. मग तो बारमध्ये वाजवणार नाही तर काय करणार?

तो किचनमधून कामून आला, तेही सांगतो. पावसाळी हवेत संबळाचं चामडं उतरतं, आवाज बसतो. तंदूरच्या भट्टीजवळ शेकून आणलं असणार. जोडीतलं एक उंच बोलतं, दुसरं खर्जात घुमतं. शेकलं नाही तर खर्जाचं पार भिजल्या पोत्यासारखं वाजतं. साउंडच्या धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, एवढं कानाला कळतं.

आणि ज्याला तू ‘नाव ओळखायची जादू’ म्हणतेस, ती करपल्लवी. म्हाताऱ्यानं टेबलावरच्या माणसाच्या तोंडून नाव कानात घेतलं, लांब उभं राहून बोटांच्या खुणा केल्या, आणि पोरानं ते नाव गाण्यात ओवून मोकळं केलं. गोंधळ्यांची ही हाताची भाषा आहे. डोळ्यांचीही असते, ती नेत्रपल्लवी. तुमच्या टेबलावर हसू पिकलं म्हणतेस. ती विद्या कमवायला पोरपण खर्ची पडतं, आणि तिचा दर कुठल्याच मेनूकार्डावर नसतो.

म्हणून माझं तुणतुणं तेच: आधी बिदागी, मग कौतुक. परभणीच्या गोंधळी राजारामभाऊ कदमांचं नाव आपल्याकडं अजून आदरानं घेतात. प्रभाकर मांडे सरांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातलं, २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आनंदच आहे. पण असल्या मोठ्या नावांच्या आडोशानं आपण फार सोयीस्कर वागतो. लोककला म्हटलं की डोळे भरून येतात, पाकिटाची चेन मात्र उघडत नाही. सरकारचं मानधन आहे, पण ते पन्नाशीनंतर. तुझा संबळवाला अजून तिशीतला दिसतो.

एका सांस्कृतिक समितीत मी होतो. वार्षिक कार्यक्रमाला मंडपवाल्याला अॅडव्हान्स, केटररला अॅडव्हान्स, मुंबईच्या निवेदकाला गाडीभाडं वेगळं. गोंधळी पार्टीला? शाल, श्रीफळ आणि ‘चहापाण्याचं बघू’. मी बैठकीत म्हणालो, मंडपवाल्यालाही यंदा शालच द्या. हसले सगळे. मी हसलो नाही, बाहेर पडलो. ‘यानं कलेचा बाजार मांडला’ असं अजून बोलतात माझ्यामागं. बोलू दे. बाजार नव्हता तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. माझ्या माईकवर गायलेला एक संबळवाला, असा हात पुन्हा ऐकला नाही, आज चाकणला कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करतो. घरी सत्काराच्या शालींची चळत आहे. त्या शाली बघितल्या की मला अजून राग येतो, आणि हा राग मला जपूनच ठेवायचाय. हट्टी म्हणतात, म्हणू दे.

तुझं वेगळं नाही हं. ‘व्हिडिओनं त्याचं नाव होईल’ हे तुझं वाक्य म्हणजे त्या समितीचीच शाल, फक्त मोबाइलमध्ये घडी घातलेली. नाव झालं की पैसे आपोआप येतात, असं कुणी सांगितलं गं तुला? नाव होतं ते चॅनेलवाल्याचं.

रागावू नकोस. तू जेवण विसरून ऐकलंस, तिथंच मला तू आवडलीस.

तर असं कर. परत जा, पण मॅनेजरला गाठू नकोस. बार त्याला काय देतो, जेवण आणि टिप की ठरलेला आकडा, ते त्याच्याच तोंडून ऐक. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर आधी रक्कम ठरव, तिथंच यूपीआय कर, म्हाताऱ्याचे वेगळे. तुणतुणेवाल्याला वाटणीत नेहमी कमी येतं. किती वेळ, कुठं टाकणार, काढून टाक म्हटलं तर काढणार का, सगळं आधी बोल. ‘तुम्हाला पुन्हा बोलवू’ असं त्याला नुसतं म्हणू नकोस. तुळशीचं लग्न झालं की तुझ्या मावसबहिणीचं लग्न आहे ना? चौक मांडून, दिवटी पेटवून रात्रभराचा गोंधळ ठेवा, आणि सुपारी आत्ताच द्या. ‘दोन तासांत उरका’ असं सांगणारा एखादा मामा निघेलच, त्याला माझ्याकडं पाठव. बारमध्ये तू तासभराचं ऐकलंस. आख्यान लागलं की पहाट होते. साउंड मी लावतो, संबळाच्या दोन्ही तोंडांना वेगळे माईक. माझं भाडंही द्यायचं, ओळखीत सूट नाही.

पोरगा किती म्हणाला ते मला फोन करून सांग. लाजून कमी सांगितलं असेल तर आकडा मी वाढवून घेईन, तुझ्या वडलांशी भांडून.

तुझा,
साउंडवाला काका