दिराला दिलेले दोन लाख आणि नवऱ्याचं मौन

ताई, लग्नाला आठ वर्षं झाली. आम्ही ऐरोलीला राहतो. दोघांचीही माणसं बौद्ध, वंदना लहानपणापासून पाठ. मार्चमध्ये नवरा इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आला. तेव्हापासून तो चिडत नाही, पण बोलतही नाही. मला न विचारता त्याने धाकट्या भावाला दोन लाख दिले. विषय काढला की डोळे मिटून बसतो. म्हणतो, ‘सगळं अनित्य आहे, अपेक्षा सोड. बुद्धही कित्येक प्रश्नांवर मौन राहिले.’ मग माझा आवाज चढतो आणि वाटतं, पंचशील मीच मोडतेय. अपेक्षा सोडायला हव्यात का?
— ऐरोलीची वाचक

नाही गं, मुळीच सोडू नकोस.

बुद्ध मौन राहिले हे खरं, पण कशावर? जग शाश्वत की अशाश्वत, तथागत म्हणजे बुद्ध मरणानंतर असतात की नसतात, असल्या प्रश्नांवर. दिराला दिलेले दोन लाख त्या यादीत नाहीत. शिबिरातलं आर्य मौन, म्हणजे कुणाशीच न बोलण्याचा नियम, तोसुद्धा दहाव्या दिवशी सुटतो. तुझ्याकडे ते मौन अजून चालूच आहे.

चिडका माणूस चिडायचा थांबला ही लहान गोष्ट नाही, तेवढं त्याला मनापासून सांग. पण पालीतली उपेक्खा म्हणजे मनाचा समतोल, आणि मराठीत आपण उपेक्षा म्हणतो ते सरळ दुर्लक्ष. तुझा नवरा बोलतो पालीत आणि वागतो मराठीत! ही गल्लत जुनीच आहे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विशुद्धिमग्ग या ग्रंथात लिहून ठेवलंय की उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. जवळचा अशासाठी, की ती दिसायला अगदी तशीच दिसते.

आता अपेक्षांचं. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांनी गृहस्थाला केलेल्या उपदेशात, नवऱ्याने बायकोसाठी करायच्या पाच गोष्टी सांगितल्यात: तिचा मान राखणं, अवमान न करणं, एकनिष्ठ राहणं, कारभार तिच्या हाती सोपवणं आणि दागिने देणं. दागिन्यांचं तुमचं तुम्ही बघा, पण कारभाराचं बघ. घरातले दोन लाख तुला न विचारता गेले, म्हणजे चौथी गोष्ट मोडली. तिची आठवण करून देणं म्हणजे तृष्णा नव्हे. (पुढे बायकोचीही पाच कर्तव्यं आहेत आणि त्यात दोन्हीकडच्या माणसांचं नीट करणंही येतं. म्हणून दिराला मदत मिळाली यावर भांडू नकोस, न विचारल्यावर भांड.)

मला बुद्धांची उपासिका नकुलमाता फार आवडते. नवरा नकुलपिता आजारी पडला, मरेल असं वाटलं. ती नुसती शांत बसली नाही. त्याच्या मनात काय काय घोळत असेल ते ओळखून एकेक काळजी तिने बोलून दाखवली: मुलांचं कसं होईल म्हणशील, तर मला सूत कातता येतं, मी घर चालवीन. असं सगळं स्वच्छ बोलली. तो बरा झाला, आणि बुद्धांनी त्याला सांगितलं की अशी बायको मिळाली हे तुझं भाग्य.

आवाज चढल्याने चौथं शील मोडत नाही, ते खोटं न बोलण्याचं आहे. पण चांगल्या बोलण्याच्या बुद्धांनी पाच खुणा सांगितल्यात: वेळेवर, खरं, मृदू, कामाचं आणि मैत्रीच्या मनाने. तुझं खरं असतं, घोडं अडतं ते वेळेवर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभा राहून आलेल्या माणसाला बॅग ठेवायच्या आत पैशांचं विचारलंस, तर इगतपुरीला न गेलेलाही डोळे मिटेल. रविवारी वंदनेनंतर, चहा घेताना विषय काढ. आधी त्याच्याबरोबर दहा मिनिटं तूही बस, आवडत नसलं तरी. मग दोनच गोष्टी ठरवा: पैसे कधी परत येणार, आणि यापुढे किती रकमेच्या वर दोघांनी मिळूनच ठरवायचं. सासूबाईंचा विषय त्या दिवशी नको, तो कामाचा नाही.

दोन-तीन रविवार असे करूनही तो गप्पच राहिला, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

आणि हो, पैशांसाठी दिराला फोन तू करू नकोस. भाऊ त्याचा आहे, फोनही त्यानेच करायचा.