टेम्प्लेटचं काम सोडू का?

प्रश्न : मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली आहे. काम आहे अपाचे स्लिंग या जावातल्या वेब फ्रेमवर्कमध्ये थायमलीफ हे टेम्प्लेट इंजिन, म्हणजे साच्यात माहिती भरून वेबपान तयार करणारं सॉफ्टवेअर, बसवण्याचं. मैत्रिणी बर्डीवर एआयचा क्लास लावताहेत. बाबा म्हणतात, एचटीएमएलच लिहायचं तर एमसीए कशाला केलं? सोडू का?
– एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : इतक्यात सोडू नकोस. बाबांची काळजी मला कळते, पण हे नुसतं पानं सजवण्याचं काम नाही.

यूआरएल आली की स्लिंग आधी रिसोर्स (त्या पत्त्यावरची साठवलेली माहिती) शोधतं, रिसोर्स टाइपवरून, म्हणजे त्या माहितीच्या प्रकारावरून, ती दाखवणारी स्क्रिप्ट निवडतं आणि स्क्रिप्टच्या फाइलच्या एक्स्टेन्शनवरून कुठलं इंजिन चालवायचं ते ठरवतं. या रचनेचा पाया म्हणजे 2006 साली जावा 6 मध्ये आलेला स्क्रिप्टिंग एपीआय, म्हणजे जावातून इतर भाषांतल्या स्क्रिप्ट चालवण्याची ठरलेली पद्धत. तिथे नवं इंजिन बसवायचं तर स्क्रिप्ट इंजिन फॅक्टरी (ते इंजिन तयार करून देणारा कोड) लागते, ती ओएसजीआय या जावाच्या मॉड्यूल-व्यवस्थेत सर्व्हिस म्हणून नोंदवावी लागते आणि रिक्वेस्ट, रिसोर्स, लॉग ही बाइंडिंग्ज, म्हणजे स्लिंग स्क्रिप्टला देतं ती व्हेरिएबल्स, थायमलीफच्या कॉन्टेक्स्टपर्यंत (टेम्प्लेटला मिळणाऱ्या माहितीच्या संचापर्यंत) पोचवावी लागतात. त्यात स्लिंगची स्वतःची टेम्प्लेट भाषा एचटीएल, तिच्या फाइलचं एक्स्टेन्शनही थायमलीफसारखं एचटीएमएलच! मग फाइल कोणाच्या वाट्याला जाणार, हे तुलाच ठरवावं लागेल. फ्रेमवर्क आतून कसं चालतं, ते अशा गुंत्यातच कळतं.

सुरक्षितताही इथेच शिकशील. नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट टॅग टाकला, तर थायमलीफचं टीएच-टेक्स्ट हे अ‍ॅट्रिब्यूट तो टॅग नुसती अक्षरं म्हणून दाखवतं. टीएच-यूटेक्स्ट मात्र तो तसाच पानात सोडतं, आणि तो कोड पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. दोन्ही स्वतः करून बघ.

नोकरीचं म्हणशील, तर अडोबी एक्स्पिरियन्स मॅनेजर हे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर स्लिंगवरच उभं आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट त्यावर चालतात. एआय सुट्टीच्या दिवशी शिकता येईल, त्यासाठी हे सोडायची गरज नाही.

एक अट मात्र आहे. सिनियरना स्पष्ट विचार, ‘सर, फॅक्टरी आणि बाइंडिंग्जचा कोड मी लिहिणार की फक्त पानं?’ फक्त पानंच असतील, तर बाबांचं म्हणणं खरं. महिनाभरात दुसरीकडे अर्ज टाक. कोड मिळणार असेल, तर पहिल्या आठवड्यात एकच टेम्प्लेट चालवून दाखव, ज्यात रिसोर्सचं शीर्षक पानावर येईल. तेवढं झालं की बाबांना लॅपटॉपवर तो कोड दाखव.