के-सिरीजच्या जागी मॅग्नम बसवताय? आधी वायरिंग बघा

कोहलर या अमेरिकी कंपनीची, गार्डन ट्रॅक्टरसारख्या यंत्रांतली सिंगल सिलिंडर के-सिरीज आणि मॅग्नम इंजिनं ही सख्खी भावंडंच: दोन्ही साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), ब्लॉक बिडाचा. नवखे फसतात ते इग्निशनमध्ये. बॅटरी इग्निशनच्या के-सिरीजमध्ये चावी फिरवली की ठिणगीसाठीच्या कॉइलला 12 व्होल्ट मिळतात, ठिणगीची वेळ पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) ठरवतात. मॅग्नमचं मॉड्यूल (ठिणगी तयार करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) मात्र फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालतं आणि त्याची वायर अर्थ झाली की इंजिन बंद. त्यामुळे कॉइलची जुनी वायर तिथे कृपा करून जोडू नका, मॉड्यूल जळेल! स्विचही अशा चुंबकावरच्या इग्निशनचा, म्हणजे मॅग्नेटोचाच घ्या; तो बंद करताना वायर अर्थ करतो.

आणि तेल. या दोन्हींत ते फक्त कनेक्टिंग रॉडचा डिपर (तेलात बुडणारं टोक) उडवतो. कोहलरच्याच नंतरच्या, ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर) कमांड इंजिनांसारखा पंप नाही. पातळी दरवेळी तपासा, उतारावर तर जास्तच जपा.