बोटीवरचे ओलीस वर्षानुवर्षं तग कसा धरतात?

ताई, मुलगा बोटीवर निघालाय म्हटल्यावर हा प्रश्न मनात येणारच. दापोलीकडे आमच्या वाडीतलीही पोरं बोटीवर आहेत. सोमाली चाच्यांनी धरलेलं ‘अस्फाल्ट व्हेंचर’ जहाज २०११ मध्ये त्यांच्या तावडीतून सुटलं, पण त्यावरच्या सात भारतीयांना त्यांनी २०१४ पर्यंत अडकवून ठेवलं. ते जिवंत परतले, हे आधी ध्यानात ठेवा.

लेबनॉनमधल्या बैरूतमध्ये इंग्लंडच्या चर्चचे दूत टेरी वेट १९८७ ते १९९१ ओलीस होते, बहुतेक काळ एकटे, साखळीने जखडलेले. कागद-पेन नव्हतं, तर त्यांनी आत्मचरित्र मनातल्या मनात रचलं! मुलाला एवढं सांगाच: सुटकेची तारीख धरून बसू नये, ती टळली की माणूस खचतो. आजचा दिवस काढायचा. अंग हलवायचं, पाठ असेल ते म्हणायचं, रामरक्षा असो की पाढे. घरच्यांनी बोटीची कंपनी आणि नौवहन महासंचालनालय (जहाजं नि खलाशांचं काम बघणारं सरकारी खातं), दोघांचाही पिच्छा सोडायचा नाही.