‘गूगलवर आहे’ हा पुरावा झाला का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी भांडुपला मराठी माध्यमात नववीला शिकवते. पोरं बोलायला एकदम तयार, मत विचारलं की अख्खा वर्ग हात वर करतो, पण लिहायला दिलं की सगळं हवेत. परवा ‘मोबाईल शाप की वरदान’ दिला तर निम्म्या जणांनी लिहिलं, ‘मोबाईल वाईट आहे कारण त्याचे दुष्परिणाम होतात.’ पुरावा कुठाय विचारलं तर म्हणतात, बाई गूगलवर आहे. पोर्शन पण संपवायचाय. कसं शिकवू हे?
– एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : बाई, आधी तो मोबाईल बाजूला ठेवा हो. त्यावर काय लिहायचं ते गाईडमध्ये तयार मिळतं, दोन्ही बाजूंचं, मग पोरं डोकं कशाला चालवतील? असा विषय द्या की आकडा हातात आहे आणि तरी उत्तर सरळ नाही.

मी २६ जुलै घेते. तुमच्या वर्गातलं एकही पोर तेव्हा जन्मलेलं नव्हतं पण गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात, बाबा रुळांवरून चालत आले, आत्या ऑफिसातच झोपली वगैरे. फळ्यावर लिहा, ‘२६ जुलै २००५ ला मुंबईत कधी नव्हे एवढा पाऊस पडला.’ सगळे माना डोलावतील. मग खाली दोन आकडे लिहा, सांताक्रूझ २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७४ च्या आसपास. दिवस तोच, शहर तेच. आता वरचं वाक्य बरोबर की चूक विचारा आणि गप्प बसा (हे आपल्याला सगळ्यात कठीण जातं, दहा सेकंद झाले की आपणच उत्तर देऊन मोकळे).

कोणीतरी नक्की म्हणेल, कुलाब्याला तर पाऊसच नव्हता! तेव्हा हवामान खात्याचं माप सांगा, २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की तो मुसळधारात मोजतात आणि २०४.४ च्या वर गेला की सगळ्यात वरच्या वर्गात. म्हणजे कुलाब्यालाही चांगलाच पडला होता, फक्त सांताक्रूझचं प्रकरणच वेगळं होतं. मग पोरं आपणहून फळ्यावरचं वाक्य बदलायला लागतात, ‘मुंबईत’ खोडून ‘सांताक्रूझ भागात’ करतात. मला विचाराल तर तास इथेच वसूल होतो, कारण पुरावा बघून आपलं म्हणणं थोडं आवरतं घ्यायचं असतं आणि त्यात हार वगैरे काही नाही हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

आकडा टाकला की काम झालं असं मात्र समजू देऊ नका. ‘९४४ मिलिमीटर पडला म्हणून शहर बुडालं’ असं कोणी लिहिलं की विचारा, पडला ना, मग वाहून का नाही गेला? भरती, मिठी नदीवरची भरणी आणि बांधकामं, जुनी गटारं, हे मधलं सगळं सांगितल्याशिवाय पाऊस आणि पूर जोडले जात नाहीत. पोरांच्या वहीत पुरावा असतो, मतही असतं, हा मधला दुवाच नसतो. टुल्मिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये हा दुवा वेगळा काढून दाखवला, पण आपल्याकडच्या न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, जुनं तर्कशास्त्र) तो कितीतरी आधीपासून आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, आणि जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. मुलुंडच्या डोंगराकडे बोट दाखवून करा हे, डिसेंबरात केलंत तर कोणीतरी विचारेलच की बाई तो धूर आहे की धुकं आहे की बांधकामाची धूळ आहे, आणि मग अजून मजा.

‘गूगलवर आहे’ म्हणणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा, कोणी मोजलं, कुठे मोजलं, कधी मोजलं. तो ९४४ सुद्धा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. आणि पोर्शनची काळजी करत असाल तर अख्खा निबंध नको, तासाच्या शेवटी चार ओळी पुरतात. मार्क मताला देऊ नका, दुव्याला द्या.

प्रश्न : माझी सातवीतली लेक हल्ली घरात प्रत्येकाला ‘कशावरून?’ विचारते, आजीलासुद्धा. सासूबाई चिडतात. थांबवू का?
– एक आई, दहिसर

उत्तर : थांबवू नका, विचारायची पद्धत बदलायला सांगा. ‘आजी, तुला कसं गं कळलं?’ असं विचारलं की आजी खुलते. समजा आजी म्हणाली, आषाढात पापलेट घेऊ नये. खोदून विचारलं तर माशांच्या पोटात गाबोळी असते, समुद्र खवळलेला असतो, असं काहीतरी निघेलच, आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना सरकारी मासेमारीबंदी असते तिची कारणंही हीच आहेत. पण मग त्या दिवसांत बाजारात जे पापलेट दिसतं ते कुठून येतं, हे मात्र लेकीला कोळणीलाच विचारू दे. तिथेही जरा प्रेमानेच विचार म्हणावं.